पगडीचं दुसरं टोक

तेजिंदर,

लग्नानंतर रोज सकाळी तू पगडीचं कापड ताणायचास आणि दुसरं टोक धरून मी उभी असायचे. पुण्याला नोकरी लागल्यापासून तू सुटीत घरी यायचास तो पगडी बांधूनच, आणि रात्रीही डोक्याला फडकं गुंडाळूनच झोपायचास. मला वाटलं, एकट्याने बांधायला शिकलास. परवा आंघोळ करून आलास, डोक्यावरचा टॉवेल सरकला आणि कापलेले केस दिसले.

"दोन वर्षं झाली," तू म्हणालास. "केसच आहेत गं. पगडी बांधतोच ना मी."

केसच होते, तर धुळ्याच्या गुरुद्वारात आपण दोघांनी अमृत घेतलं, खालसा पंथाची दीक्षा घेतली, तेव्हा मला का बजावलंस, की आता अंगावरचा एकही केस कापायचा नाही? असोद्याच्या शेतकऱ्याची मुलगी मी, तुझ्या शब्दावर ज्योतीची जसज्योत कौर झाले. पार्लरला जाणं सोडलं. मागच्या वर्षी माहेरी हळदीच्या मांडवात आई सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्योते, तुले त मिशा फुटल्या." मी हसून घेतलं. तेव्हा तुझे केस कापलेलेच होते.

काल तू पुण्याला परतलास आणि मी पार्लरमध्ये जाऊन बसले. बाईने ओठापाशी दोरा ताणला आणि मी उठून आले. तुझ्यावरच्या रागापायी माझा नेम मी का मोडू?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही; तुझं तुलाच कळायला हवं. नेम मोडला तर ज्या पाच जणांनी आपल्याला अमृत दिलं, त्यांच्यापुढे उभं राहून चूक कबूल करायची असते. ते तुला माहीत आहे, तूच मला शिकवलंस. तोवर घरी आलास तर पगडी एकट्यानेच बांध. टोक मी धरणार नाही.

जसज्योत कौर