तिकडच्या रेडिओवर राघू

१९ डिसेंबर १९६२
बरेच दिवस वही उघडली नाही, माफी असावी. कोणाची मागतोय कुणास ठाऊक. आमचा राघू चीनच्या सरहद्दीवर, नेफात बेपत्ता, अशी लष्कराची तार आली तेव्हापासून हात चालेना.
शेजारचे शामराव वकील म्हणाले, तिकडचं स्टेशन आपल्या कैद्यांना हिंदीत बोलायला लावतं. शत्रूचा रेडिओ, लोक काय म्हणतील? अगदी बारीक लावला. ही म्हणाली, "मोठा करा. मुलाला ऐकायचंय, चोरी नाही करायची." नुसती शीळ.

३ जानेवारी १९६३
राघू. राघूच. नाव, हुद्दा, नंबर सांगितला. मग हिंदीत, चांगलं वागवतात, लढाई कोणामुळे झाली वगैरे, वाचल्यासारखं. शेवटी घाईने मराठीत, "अक्का, अण्णांना थंडीचं ओसरीवर बसू देऊ नको." आईला तो अक्का म्हणतो, मला अण्णा. ही रेडिओलाच म्हणाली, "सरी, बरं, नाही बसू देत." जिवंत आहे.

४ जाने.
शामराव खूष होतील वाटलं, तर संतापले. जिनिव्हाचा कायदा आहे म्हणे. नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख, एवढंच कैद्याने सांगायचं. त्याला जगापुढे मांडता येत नाही. "गैर आहे, रायरे. दिल्लीला अर्ज करू. सही करा." मला ते कानडी धाटणीने रायरे म्हणतात.
म्हटलं, युद्ध जाहीर कुठे झालंय? कायदा लागतो का?
"गोळी सुटली की लागतो."
गैर असेल. पण ऐकू आला ना. तेही बंद झालं तर? आणि त्याला ते वाचायला लावलं कसं असेल... जेवण गेलं नाही.

७ जाने.
शा. पुन्हा आले. कैद्याला घरी पत्र लिहू द्यावं, असंही कायद्यात आहे म्हणाले. ही आतून, "मग आधी ते लिहा. रेडिओ मागाहून बंद करा."
"अक्का, कायद्यात असा सौदा नसतो."
"वकिलांच्यात असतो ना?"
हसले बिचारे. पत्राचं कलम वर घेतलं. मी सही केली.

२ फेब्रु.
रोज लावतो. राघू पुन्हा बोलला नाही. अर्जामुळे, की त्यानेच वाचायला नाही म्हटलं? नाही म्हटलं असेल तर... शा. म्हणतात, अर्ज अजून दिल्लीतच असेल. ही मात्र रेडिओजवळून उठत नाही.
राघू, बाळा, पत्र लिहायचा तुला हक्क आहे. मी स्वतः वाचलं, शामरावांनी बोट ठेवून दाखवलं. दोन ओळी पुरेत. काय जेवलास एवढंच लिही. पण लवकर लिही.