सगळे फोन अम्मालाच

३ जुलै
झालं एकदाचं! म्हैसूरभरच्या शिकवणीवाल्यांचं वेबपान तयार, प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावरचं बटण दाबलं की जावास्क्रिप्ट कार्डाच्या चौकटीतला नंबर शोधून फोन लावते. तपासायला एकच कार्ड केलं — अम्माचं. 'वेदावती, वीणा.' पुन्हापुन्हा दाबलं, दर वेळी बरोबर लागला.

तिला विचारलेलं नाही! अप्पा गेल्यापासून ती वीणेला हात लावत नाही. मलाच ते सहन होत नाही.

५ जुलै
बाकीच्यांची कार्डं अम्माच्या खाली चढवली. पान सुरू.

८ जुलै
अम्माचा फोन थांबेना. कुणाला तबला हवा, कुणाला शिवण. एकाला चक्क पोहणं! "अहो, मला बादलीत पाय बुडवायची भीती वाटते!" म्हणाली आणि मनापासून हसली. कधीची ऐकली नव्हती ही हसण्याची तऱ्हा.

वीणेबद्दल मात्र एकच उत्तर — "शिकवत नाही आता."

"माझा नंबर कुठे वाटलास गं, पुट्टी?" मी उप्पिट्टूच्या ताटलीत डोकं खुपसलं.

९ जुलै
चूक सापडली. माझीच. ऑफिसातल्या शशिकलाअक्काने स्क्रीनकडे नुसतं बघितलं — "अख्ख्या पानात शोधतेस आणि पहिला नंबर दिसला की थांबतेस. पहिली कोण? तुझी अम्मा!" एकच कार्ड असताना हे कळणार तरी कसं?

उपाय सोपा. दाबलेल्या बटणापासून 'क्लोजेस्ट'ने वर जाऊन त्याचं स्वतःचं कार्ड गाठायचं, मग 'क्वेरीसिलेक्टर'ने फक्त त्या कार्डाच्या आत नंबर शोधायचा. एक ओळ. ती लिहवेना. अम्मा परत गप्प झाली तर?

"आणि तबलेवाल्याच्या पोटावर पाय देतेस त्याचं काय?" — अक्का.

लिहिली.

१२ जुलै
एकही फोन नाही. चार्जिंग आहे ना, म्हणून अम्माने उचलून बघितला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ जुलै
तसंच. रात्री नुसता ताकभात.

१६ जुलै
सकाळी वाजला! मी दाराआड. "वीणा? हो, वेदावतीच बोलतेय." आता नाही म्हणणार — मी डोळे मिटले.

"पुढच्या आठवड्यात ये, बाळ. तारा गंजल्यात, आधी बदलून घेते."