बीटचा लाल रंग

मंगळवार, संध्याकाळ. केनवड.

आत्ता कुठं लिहायला बसले. दुपारी आमच्या अंगणवाडीतल्या चिऊची आई पोरीला कडेवर घेऊन धावत आली. "ताई, हिले लाल लघवी होऊन राह्यली! काय खाऊ घातलं तुमी?"

या हिवाळ्यात पोरांनी अंगणात वाफे केले, जुन्या टायरचे झोके बांधले. भिंत रंगवायला बाजारचा रंग नको म्हणून हळद आणि वाफ्यातलं बीट वाटून दिलं, ते मीच. त्यातच काही गेलं असेल का पोटात?

तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि चिऊलाच विचारलं, काय खाल्लं?

"बीट. लय खाल्ले. म्याच लावले होते."

बाई हसल्या. बीट जास्त खाल्लं की काहींना असं होतं, उद्यापर्यंत जाईल म्हणाल्या. एवढं साधं, मला कसं सुचलं नाही? रडूच फुटलं. बाग बंद पडणार, हेच डोक्यात होतं.

चिऊची आई लेकीकडे बघून म्हणाली, "घरी बीट पाहून तोंड फिरवते हे! ताई, उद्या मी येतो वाफ्यातलं तण निंदाले. मेथीचाबी एक वाफा करू."