सोनूबाईची नवमी

३ सप्टेंबर २०२५
आला! ग्लासगोहून कागद आला. दादूआजोबांचा, आईच्या वडिलांचा. १९३४ला बोटीवर खलाशी म्हणून गेले ते गेलेच. आई तेव्हा पोटात. आईचा धाकटा चुलतभाऊ शिवामामा आजवर एकच टकळी लावत आलाय – "विलायतेत मड्डम केलान असेल." मड्डम कुठली! हा तिथे निराधारांना मदत मिळायची त्याचा अर्ज, १९३८चा. "खलाशी. डावा पाय निकामी. गरीबखान्यात दाखल. पत्नी सोनूबाई, रत्नागिरी. मूल एक, पाहिलेलं नाही."
ते मूल आता एक्क्याण्णव वर्षांचं आहे. पडवीत बसून कुळीथ निवडतंय.

४ सप्टेंबर
आईला सगळं वाचून दाखवलं. खाली एक ओळ होती – घरी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाला, असा पाय घेऊन बायकोला तोंड दाखवायचं नाही. आई भडकली. "पायाचं काय लोणचं घालायचं होतं? यायचं गपचूप!"
मग दुपारी दोन घास जास्त जेवली.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आईचं पुन्हा तेच. बारा वर्षं वाट बघून भावकीने मेला असं धरलं, दर्भाचा दादू केला, जाळला. आजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुसऱ्या सकाळी आजी कुंकू लावून विहिरीवर! पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं. शाळेत पेढा मिळाला त्याच्या चौथ्या दिवशी आजी गेली. तेव्हा पुन्हा कुंकू पुसून पांढऱ्या लुगड्यात नेली तिला. आई तेरा वर्षांची, दारात उभी.
तिला एवढंच हवंय – आपल्या आईला अविधवा नवमीचं पान. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने वाढतात ते, एका सवाष्णीला जेवू घालून. शिवामामा म्हणतो, "विधवेला नवमी कसली?"
म्हणून ग्लासगोच्या दफ्तरखान्यातल्या, कागद शोधून देणाऱ्या बाईंना पुन्हा लिहिलं. आजोबा कधी वारले तेवढं शोधा. नवमी पंधराला. जरा घाई करा, हे इंग्रजीत नम्रपणे लिहिताना घाम फुटला.

११ सप्टेंबर
उत्तर नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मारून आले. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर
आई म्हणाली, "नाय मिळालं तर नाय गो. बघितलान नाय, तरी मोजलान मला. पुरे." खूश आहे ती. मीच कासावीस!
नवमीच्या वड्यांचं पीठ मात्र दळून आणलंय. असू दे.

१५ सप्टेंबर
सकाळी मेल आली. दादू, माजी खलाशी. गरीबखान्याच्या दवाखान्यात मृत्यू – १७ फेब्रुवारी १९४८.
आजी गेली ऑगस्ट सत्तेचाळीसमध्ये!
आईने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "जित्या माणसाला जाळलानी मेल्यांनी." फोन मागितला. "शिवा, आनंदीला जेवायला पाठव. माझी आय सवाष्ण गेली. ओटी भरायची आहे."
शिवामामाची बायको, आनंदीमामी आली. हिरवी साडी नेसून.