वंशावळीतली शिमिंगची ओळ

शाओशिंग, १८ एप्रिल १९४७

प्रिय रुईयुनताई,

तू आणि मुलं शांघायला नीट पोचलात ना? आईचा खोकला कमी आहे. बांबूचे कोंब यंदा कोवळे निघालेत.

थडगी झाडायच्या सणाला तुझी मोटार दारात लागली, तेव्हा शेजारीण म्हणाली, “लौंची सून आली गं! एक मुलगा बँकेवर, एक जावई मंत्री, दुसरा सेनापती. देश म्हणजे यांचं जेवणाचं टेबल!” मी हसले. हसायला नको होतं.

कुळाची वंशावळ तीस वर्षांनी नव्याने छापायची आहे. बाबांमागे ती लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या दोघींची नावं तिच्यात नाहीत, लेकींची नसतातच. तू म्हणालीस, “सासरे गावाला शाळा बांधून देतील, पेइलान. शिमिंगच्या नावापुढे फक्त ‘आजाराने निधन’ लिही.”

“कोणता आजार लिहू?”

“टोमणे पुरेत. गेलेला माणूस परत येतो का?”

आपला भाऊ शिमिंग वर्तमानपत्रात तांदळाबद्दल लिहीत होता, ताई. दुष्काळातल्या जिल्ह्यांतून लौंच्या गोदामात गेलेल्या तांदळाबद्दल. एका सकाळी त्यांची चार माणसं त्याला घेऊन गेली. आठव्या दिवशी तो नदीकाठी सापडला. त्याला शेवटची आंघोळ मी घातली. त्याच्या अंगावर काय होतं, ते तू कधी विचारलं नाहीस.

आता टाळत आलेलं लिहिते. तू गेल्यावर मी ‘आजाराने निधन’ लिहिलं. निघताना तू म्हणाली होतीस ना, माझ्या लेकीच्या, येनच्या कॉलेजप्रवेशाचं सासरे बघतील? त्या एका वाक्यासाठी. अक्षर सुरेख आलं, याचीच जास्त लाज वाटते.

कागद छपाईच्या लाकडी फळीवर कोरायला त्सोंगकाकांकडे नेला. म्हाताऱ्याने वाचला आणि पटाशी माझ्यापुढे सरकवली. “पोरी, नदीवरून त्याला खांद्यावर मी आणलं. हे तूच कोर.”

मी पटाशी बाजूला ठेवली.

तिथेच बसून दुसरा कागद लिहिला: ‘लौ घराण्याच्या माणसांनी नेले. आठव्या दिवशी मृत सापडला. वय एकतीस.’ कुळातल्या वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या, पण कुणी नको म्हणालं नाही. येनला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लिहिलं म्हणून नव्हे, आधी खोटं लिहिलं म्हणून.

काल प्रती छापून झाल्या आणि अकरा घरांत पोचल्याही. तुझ्या सासऱ्यांना सांग, ती ओळ पुसायची तर आता अकरा दारं ठोठावावी लागतील.

हे पत्र तुझ्याआधी तिथे कोण उघडेल, मला माहीत आहे. उघडू दे.

शेवटी ‘तुझीच’ लिहायला लेखणी अडते आहे. म्हणून,

शिमिंगची बहीण,
पेइलान