गाउदेन्त्सिओसाठी ‘हजर’

वाराल्लो, एप्रिल

माझ्या धाकट्या ओत्तावियाला ताईचे दोन्ही गालांवर पापे.

सुखरूप पोहोचले. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण? तुझ्याकडे ठेवलेली माझी नात वेळेवर जेवते ना? खानावळीच्या बाई हे लिहून घेताहेत, शिव्या त्यांनीच गाळल्यात.

फॅसिस्टांविरुद्ध डोंगरात लढलेले आम्ही आता चारच उरलो. शहिदांची नावं पुकारली की ज्याच्या-त्याच्या सोबत्यानं ‘हजर’ म्हणायचं, ही आमची रीत. यंदा म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून नगराध्यक्षानं ‘हजर’ टेपवर भरून आणलं! कुणा नटाचा तुपाळ आवाज. आपल्या गाउदेन्त्सिओच्या नावाला तो बोलला आणि मी तडक उठले.

"देल्फीना, जाऊ दे, पाहुणे बघताहेत," आमच्या चौघांतला सेकोंदो पुटपुटला.

"बघू देत. भाऊ माझा आहे!" मी वायर उपटली. नावं पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली.

डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी प्रवास बंद. तेव्हा माझ्या जागी तू ये. सेकोंदो कुरकुरला, "ती कुठे लढली?" मी म्हटलं, "सात वर्षांच्या पोरीनं भावाला गवताखाली लपवून शिपायांना तोंडावर खोटं सांगितलं. अजून काय हवं?"

फक्त ‘हजर’ मोठ्यानं म्हण. डाव्या कानानं गाउदेन्त्सिओला ऐकू येत नसे.

तुझी तापट ताई,
देल्फीना