वल्लरीची खोली आणि अकोल्याचा कूलर

१४ एप्रिल, दुपारी ३
खोलीत ३४ डिग्री. वल्लरी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, म्हणजे इथे रेवदंड्यात, माझ्या घरात. आमच्या सौ. अंबिकाने आज जाहीर केलं की खोली गार झाली नाही तर पोर पनवेलला सासरीच राहील आणि विहीणबाई आपल्याला जन्मभर ऐकवतील. एसी घ्या म्हणते. मी म्हटलं, एसी येणार नाही, पण खोली गार होईल. एकतीस वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलंय. कंप्रेसर विकत घेणारे वेगळे आणि बाष्पीभवन समजणारे वेगळे.

१६ एप्रिल
आळीत सात एसी झाले. एकाचंही बाहेरचं युनिट सावलीत नाही. भर उन्हात, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. दोन पावसाळ्यांत गंजून भुगा. अडाणीपणाला स्टार रेटिंग असतं तर अख्खी आळी फाइव्ह स्टार.
मेहुणा निकेत याची अकोल्याहून बदली झाली. त्याचा जुना कूलर ट्रान्सपोर्टने पाठवतोय. त्या कूलरपुढे म्हणे तिकडे मे महिन्यात चादर घेऊन झोपायचे.

२१ एप्रिल
कूलर आला. पत्रा गंजलेला, मोटर ठणठणीत. घासला, तेलपाणी केलं, जुनं गवत काढून नवा वाळा भरला. अंबिका म्हणाली, वास छान येतोय. कौतुक केलं असं धरून चालतो.

२३ एप्रिल, सकाळी ११
उद्घाटन. ३४ वरून ३३. सुरुवात आहे.
दुपारी ४. भिंतींना ओल. उशी ओलसर. वल्लरीसाठी लाटलेले पापड सादळले, दोन्ही डबे. अंबिकाने एक पापड माझ्यासमोर धरला, तो वाकला. मी म्हटलं, पापड हे शास्त्रीय उपकरण नव्हे.

२४ एप्रिल
कूलर शॉक मारतोय. मितेशला बोलावलं. नीराबाईंचा मुलगा, कोळीवाड्यातला, हल्ली फ्रिज-एसी दुरुस्त करतो. नववीत सायन्सला माझ्या दयेवर पास. अर्थिंग नीट केलं आणि हसला. म्हणे, सर, हा कूलर कोरड्या हवेचा, इथली हवा आधीच ओली, पाणी उडून जाणार कुठं? वर म्हणे, तुम्हीच शिकवलंत की, दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं.
वर्षभर खिडकीतून होड्या बघणाऱ्या पोराला नेमकं हेच वाक्य आठवावं.

२५ एप्रिल
मितेशचं ज्ञान अर्धवट. हवेत ओल आहे ना, मग आधी ओल काढा, मग कूलर लावा. खडेमीठ ओल शोषतं. संकल्प: चार कोपऱ्यांत चार घमेली मीठ.
एवढं मीठ नीराबाईंकडेच. त्या मासे खारवतात. म्हणाल्या, सर, ह्यात मावरा खारवलेला हाय, वास येल, नवीन गोण येऊ द्या. मी समजावलं की सोडियम क्लोराइडला वास नसतो. त्यांनी मान हलवली आणि गोण माझ्याकडे सरकवली. शिक्षणाचा अभाव.

२९ एप्रिल
मीठ काम करतंय. पार विरघळतंय. घमेली भरून पाणी लादीवर आलं. मीठ शोषतं तेवढं कूलर सोडतो, सध्या सामना बरोबरीत. अंबिका म्हणते बोंबलाचा वास येतो. मला येत नाही. मला सर्दी आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

३ मे
वल्लरी आली. खोलीच्या दारात उभी राहिली, तोंडाला पदर लावला आणि तशीच परसात पळाली. बराच वेळ ओकत होती. अंबिका पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यामागे धावली. मला दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.
मीठ बाहेर. लादी तीनदा फिनाइलने पुसली. आता बोंबील आणि फिनाइल.

५ मे
आमचा बावीस वर्षांचा फ्रिज ढकलत तिच्या खोलीत नेला आणि दार उघडं ठेवलं. उघडा फ्रिज खोली गार करत नाही, उलट तापवतो. हा प्रश्न मी दरवर्षी सहामाहीला घालायचो आणि अर्धा वर्ग चुकायचा. ढ कार्टी. पण समोर बसलं की गार वाटतं, आणि आज वाटणं महत्त्वाचं आहे.
संध्याकाळी ६. खोली ३६. दूध नासलं. वल्लरी हसून म्हणाली, बाबा, राहू दे हो. पाय किती सुजलेत तिचे. ओटीवर चटई टाकून पडली. मी तासभर पेपरने वारा घातला, तेव्हा डोळा लागला. हात दुखला. थांबलो नाही.

८ मे
जावई यशोधन गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, गारव्यात ठेवा. वल्लरी गेली. अंबिकाही गेली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. लेकीचं पहिलं बाळंतपण करायला आई लेकीच्या सासरी. आमच्या घराण्यात असं झालेलं नाही. मी जावयाला बजावलं की एसी सव्वीसवर ठेवा, अठरावर नको, फिल्टर दर पंधरवड्याला धुवा. हो म्हणाला. तरी गाडी सुरू होईपर्यंत आणखी मुद्दे सांगत राहिलो.

११ मे
निव्वळ अभ्यास म्हणून मितेशला एसीचं विचारलं. म्हणाला, सीझन आहे सर, तुमचा नंबर दहा जूननंतर. मी म्हटलं, बघू. त्याने माझं नाव वहीत लिहिलं. मी स्पेलिंग तपासलं.

२८ मे, पनवेल
काल मुलगी झाली. दोघी सुखरूप. विहीणबाई एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, उलट सरबत दिलं. उत्तरांची एवढी तयारी करून आलो होतो, वाया गेली.
बाळ माझ्या मांडीवर दिलं. एसी सव्वीसवर. वल्लरी म्हणाली, बाबा, मला आपल्याच घरी यायचं होतं हो. पुढच्या खेपेला नक्की. मी म्हटलं, नक्की.
पहिली खेप पुढच्या खेपेला येत नसते. हे तिलाही कळतं. खोलीत फार छान वाटत होतं. अंबिकाने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, जरा जास्तच गार आहे.